पक्क्या लायसन्सची पहिली दोन वर्षे

पुण्याजवळ चाकणला बजाजच्या कारखान्यात केटीएमची १२५ सीसीची ड्यूक ही मोटारसायकल २०११ पासून तयार होऊन युरोपात जाते. तिचे इंजिन ११ किलोवॅट, म्हणजे १५ एचपी ताकद देते. हा आकडा योगायोगाने आलेला नाही. युरोपात सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना जो ए-वन परवाना मिळतो, त्यावर ११ किलोवॅटपेक्षा जास्त ताकदीची मोटारसायकल चालवता येत नाही. म्हणून गाडी नेमकी त्या रेषेवर बेतलेली आहे. त्याच मालिकेतली ३९० सीसीची ड्यूक पुढच्या पायरीच्या, ए-टू परवान्याच्या मर्यादेत बसते: ३५ किलोवॅट, आणि गाडीच्या वजनाच्या दर किलोमागे ०.२ किलोवॅट. तिकडच्या नवख्या चालकांचा जीव राखणारा नियम असा आपल्या चाकणमधल्या कारखान्यात रोज पाळला जातो.

इथल्या बाजारात या गाड्या आल्या त्या उलट्या क्रमाने. जानेवारी २०१२ मध्ये २५ एचपीची ड्यूक २०० आली, २०१३ मध्ये ४३ एचपीची ३९०, आणि शिकाऊ चालकासाठी जन्माला आलेली १२५ यायला २०१८ साल संपत आले. यात कंपनीला दोष देण्यात अर्थ नाही. बाजार मागेल ते कंपनी विकते, आणि कायद्याने इथे काही मागितलेलेच नव्हते. अजूनही मागितलेले नाही.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १० मध्ये मोटारसायकलचे दोनच वर्ग आहेत: विनागिअर आणि गिअरची. गिअरच्या गाडीचे लायसन्स एकदा हातात पडले की आठ एचपीची स्प्लेंडर आणि दोनशे एचपीची हजार सीसीची सुपरबाइक कायद्याच्या लेखी एकच. लर्निंग लायसन्स काढल्यापासून तीस दिवसांनी पक्क्या लायसन्सची चाचणी देता येते. त्या चाचणीत जमिनीवर आखलेला इंग्रजी आठ पाय न टेकता काढायचा असतो. त्यात तोल कळतो, क्लच सांभाळता येतो की नाही ते कळते. ताशी साठच्या वेगात समोर अचानक म्हैस आली तर पुढचा आणि मागचा ब्रेक किती आणि कसा दाबायचा, पावसाळ्याच्या पहिल्या सरीनंतर वळणावर गाडी किती झुकवायची, यातले काहीही कळत नाही. चाचणीला आणलेली गाडी बहुधा कुणाची तरी हलकी, वापरून सैल झालेली शंभर सीसीची असते. आठ काढून झाला की संध्याकाळी शोरूममधून तीनशे-चारशे सीसीची गाडी उचलायला कायद्याची आडकाठी नाही.

माझे म्हणणे साधे आहे. पक्के लायसन्स मिळाल्यापासून पहिली दोन वर्षे गाडीच्या ताकदीवर कायद्याने मर्यादा असावी. ती दोन वर्षे अपघात आणि गंभीर दंडाविना गेली, की वेगाने ब्रेक लावण्याची एक खरी चाचणी घेऊन मर्यादा उठावी. आपल्याकडे गावोगावी पोरांना विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला डबा बांधतात, आणि पोहता यायला लागले की तो सोडतात. त्यात कुणाला पोरावरचा अविश्वास दिसत नाही, कुणी त्याला स्वातंत्र्यावरचा घाला म्हणत नाही.

आता आकडे पाहू. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली ७४,८९७ दुचाकीवरची होती, म्हणजे शंभरात चौवेचाळीसहून जास्त. महाराष्ट्रात त्या वर्षी १५,२२४ जण गेले. उत्तर प्रदेश आणि तमिळनाडूनंतर आपलाच क्रमांक. मृतांपैकी दोन तृतीयांश १८ ते ४५ या वयातले. मरणाचे कारण म्हणून एकाहत्तर टक्के ठिकाणी 'अतिवेग' नोंदवलेला आहे.

या शेवटच्या आकड्याबद्दल मी सावध आहे. पंचनामा करणाऱ्या हवालदाराजवळ वेग मोजण्याचे साधन नसते. रस्त्यावर खड्डा होता, वळणावर फलक नव्हता, दुभाजकाला कुणी परस्पर भोक पाडले होते, हे लिहिण्यापेक्षा 'भरधाव वेगाने' लिहिणे सोपे जाते. त्यामुळे एकाहत्तर टक्के हा आकडा जसाच्या तसा धरून त्यावर कायदा उभा करू नये. पण वेगाचा हिशेब पोलिसांच्या कागदावर अवलंबून नाही. वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट होते. धोका दिसल्यापासून हात ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला, तर ताशी ६० ला गाडी तेवढ्यात २५ मीटर पुढे गेलेली असते आणि ताशी १०० ला जवळजवळ ४२ मीटर. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की सरासरी वेग एक टक्क्याने वाढला तर जीवघेण्या अपघातांचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो. अनुभवी चालकाचा दीड सेकंद आणि नवख्याचा दीड सेकंद सारखा नसतो. नवख्याला धोका दिसतो तोच मुळी उशिरा. समोरच्या रिक्षाचे पुढचे चाक किंचित वळले म्हणजे ती आता वळणार, हे डोळ्याला कळायला वर्षे जातात. ताकदवान गाडी ही वर्षे देत नाही. ड्यूक ३९० ताशी शंभरला पोचायला सहा सेकंदांच्या आसपास घेते. नुसती मूठ पिळायची. स्प्लेंडर कितीही पिळली तरी शंभरला पोचत नाही.

सरकारला हा फरक कळत नाही असे नाही. कराच्या वेळी बरोबर कळतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीवर १८ टक्के जीएसटी आहे आणि त्यावरच्या गाडीवर ४० टक्के. विम्याच्या वेळीही कळतो. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या थर्ड पार्टी विम्याच्या दरांत ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीला वर्षाला ७१४ रुपये आणि ३५० सीसीच्या वरच्या गाडीला २,८०४ रुपये आहेत. जवळजवळ चौपट. थर्ड पार्टीचा दर ठरतो तो त्या वर्गातल्या गाड्यांमुळे दुसऱ्यांना किती भरपाई द्यावी लागते त्यावरून. म्हणजे मोठी गाडी रस्त्यावरच्या इतरांना किती महाग पडते याचा हिशेब सरकारने स्वतः मांडून राजपत्रात छापला आहे. पैसे घेताना जो फरक मान्य आहे, तो परवाना देताना का पुसला जातो, याचे समर्पक उत्तर मला अजून कुणी दिलेले नाही.

बाहेर हे नवीन नाही. युरोपची आजची ए-वन, ए-टू, ए ही पायऱ्यांची पद्धत जानेवारी २०१३ पासून लागू आहे. सिंगापुरात आधी २०० सीसीपर्यंत, मग ४०० पर्यंत, मग त्यावर, अशा तीन पायऱ्या आणि तीन वेगळ्या चाचण्या. जपानमध्ये १२५ आणि ४०० सीसी या रेषा आहेत. ऑस्ट्रेलियाने सगळ्यांत व्यवहारी मार्ग काढला: ६६० सीसीपर्यंतची आणि टनामागे १५० किलोवॅटपेक्षा कमी ताकदीची गाडी शिकाऊंसाठी मान्य, आणि मान्य गाड्यांची यादीच जाहीर. दुकानात गेलेल्या पोराला आणि त्याच्या बापाला यादीत बोट ठेवून विचारता येते, ही चालेल का?

इथे एका मुद्द्यावर थांबायला हवे, कारण आपल्याकडे कधी असा नियम झालाच तर तो सीसीवर होण्याची भीती आहे. सीसी मोजायला सोपे आणि सगळ्यांना पाठ. पण ते चुकीचे माप आहे. रॉयल एन्फिल्डची क्लासिक ३५० घ्या. साडेतीनशे सीसी, वजन १९५ किलो, ताकद सुमारे १५ किलोवॅट. किलोमागे ताकद ०.०७७. ड्यूक २०० ही दोनशे सीसीची, पण १८ किलोवॅटहून अधिक ताकदीची आणि कितीतरी हलकी. किलोमागे ०.११ च्या पुढे. सीसीची रेषा अडीचशेवर ओढली तर शांतपणे डुगडुगणारी क्लासिक नवख्याला बंद आणि चपळ ड्यूक खुली. न्यूझीलंडने बरीच वर्षे शिकाऊंना २५० सीसीची मर्यादा ठेवली, आणि अडीचशे सीसीत बसणाऱ्या टू-स्ट्रोक रेसिंगच्या गाड्या त्यातून सुटत राहिल्या. शेवटी तो देशही ऑस्ट्रेलियासारखाच ताकद आणि वजनाच्या गुणोत्तराकडे वळला. सीसीच्या मर्यादांनी अपघात घटल्याचे पुरावे परदेशी अभ्यासांतही विस्कळीत आहेत. ते विस्कळीत असण्याचे एक कारण मापच चुकीचे होते हे आहे, असे मला वाटते.

आपल्यासाठी मी मर्यादा सुचवेन ती १५ किलोवॅट आणि किलोमागे ०.१ किलोवॅट. या चाळणीतून काय जाते आणि काय अडते ते पाहा. ॲक्टिव्हा, स्प्लेंडर, शाइन, पल्सर १५०, युनिकॉर्न, अपाचे १६० या सगळ्या जातात. क्लासिक ३५० जेमतेम जाते. यामाहाची आर१५ सुद्धा जाते, आणि ती काही गरीब गाडी नाही. ड्यूक २००, पल्सर एनएस २००, ड्यूक ३९०, आणि त्यावरच्या सगळ्या दोन वर्षांसाठी अडतात. शेतावर जाणाऱ्याची, एमआयडीसीत पहिल्या पाळीला जाणाऱ्याची, घरोघरी पार्सल पोचवणाऱ्या पोराची गाडी यात कुठेही अडकत नाही.

म्हणून 'गरिबाच्या वाहनावर गदा' हा पहिला आक्षेप इथे टिकत नाही. त्याच्या शेजारचा दुसरा आक्षेप मात्र खरा आहे आणि त्याला टाळून पुढे जाता येणार नाही. दुचाकीवर मरणारी बहुतेक माणसे शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीवर मरतात, कारण रस्त्यावर त्याच गाड्या सर्वांत जास्त आहेत. त्यांचा जीव ताकदीच्या मर्यादेने वाचणार नाही. तो हेल्मेटने वाचेल, दुभाजकातली बेकायदा भोके बुजवल्याने वाचेल, ट्रकच्या मागच्या दिव्यांनी आणि रिफ्लेक्टरने वाचेल, ट्रॉमा सेंटर वेळेत गाठल्याने वाचेल. हे सगळे आधी करा, असे कुणी म्हटले तर मी त्याच्याबरोबर आहे. पण 'आधी' याचा अर्थ 'त्याऐवजी' होत नाही. बारावीचा निकाल लागल्यावर पाडव्याला किंवा दसऱ्याला जी गाडी दारात येते, ती आता पूर्वीसारखी शंभर सीसीची राहिलेली नाही. हप्त्यांवर गाडी मिळते, शोरूममधले पोस्टर वेगच विकते, आणि जे घर कालपर्यंत सायकलवर होते त्या घरातला मुलगा आज थेट चाळीस एचपीवर बसतो. अशा घरातला बाप मुलाला नाही म्हणू शकत नाही, हे आपण सगळ्यांनी आपल्या गल्लीत पाहिले आहे. 'कायद्यानेच मनाई आहे' हे वाक्य त्या बापाच्या हातात द्यायला हवे. माझ्या दृष्टीने या नियमाचा निम्मा उपयोग तेवढाच आहे, आणि तो छोटा नाही.

मग गाडीत वेग रोखणारे यंत्रच का बसवू नये? ताकदीची भानगड कशाला? हा प्रश्न रास्त आहे, पण स्पीड गव्हर्नरचा आपला अनुभव डोळ्यांसमोर आहे. २०१५ च्या नियमाने बहुतेक मालवाहू आणि प्रवासी व्यावसायिक वाहनांना ताशी ८० चा, आणि डंपर, टँकर, स्कूल बसला ताशी ६० चा गव्हर्नर सक्तीचा केला. पासिंगच्या दिवशी गव्हर्नर चालू, आरटीओचे फाटक ओलांडले की वायर सुटलेली, हे वाहतूक धंद्यातला कुणीही सांगेल. विजेच्या दुचाकींचेही तेच झाले. ताशी २५ किलोमीटर आणि २५० वॉटच्या आतल्या गाडीला ना नोंदणी लागते ना परवाना. म्हणून कागदावर पंचवीसच्या आणि रस्त्यावर पन्नासने पळणाऱ्या गाड्या सर्रास विकल्या गेल्या, आणि २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन खात्याला त्यांच्याविरुद्ध मोहीम काढावी लागली. मागाहून जोडलेली डबी मागाहून काढता येते. गाडीत असा फेरफार करणाऱ्या मालकाला मोटार वाहन कायद्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड आहे, तरीही ती निघते.

म्हणूनच मी ताकदवान गाडीला लगाम घालण्याच्या बाजूचा नाही. नवख्याला मुळातच कमी ताकदीची गाडी मिळावी या बाजूचा आहे. १५ किलोवॅटच्या इंजिनातून कुणी मेकॅनिक ३० किलोवॅट काढू शकत नाही. युरोपात ए-टू साठी मोठ्या गाडीची ताकद ३५ किलोवॅटपर्यंत उतरवून प्रमाणपत्र देण्याची सोय आहे, आणि ते खोटे निघाले तर विम्याचा आधार जाऊ शकतो, म्हणून लोक घाबरून असतात. आपल्याकडे विमाच न काढता फिरणाऱ्या दुचाकी इतक्या आहेत की तो धाक इथे चालणार नाही. गाडीचे मॉडेल डोळ्याला दिसते. चौकातल्या हवालदाराला त्यासाठी कुठलेही यंत्र लागत नाही.

'ओव्हरटेक करायला ताकद लागते, कमजोर गाडी हायवेवर जास्त धोक्याची' असे दुचाकीवर हौसेने फिरणारी मंडळी नेहमी सांगतात. त्यांच्या प्रेमाबद्दल मला आदर आहे. पण २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे दुचाकीला चौपदरी महामार्गावर कमाल ताशी ८० आणि शहरात कमाल ६० चीच परवानगी आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आणि समृद्धीवर दुचाकीला प्रवेशच नाही. महाराष्ट्रात असा एकही सार्वजनिक रस्ता नाही जिथे मोटारसायकलने ८० च्या पुढे जाणे कायदेशीर आहे. १५ किलोवॅटची गाडी ऐंशीला आरामात पोचते, आणि घाटात ट्रकच्या मागे थांबावे लागले तर थांबणे हीच त्या वयात शिकायची गोष्ट आहे.

ताकदीबरोबर आणखी एक मर्यादा हवी: मागे बसणाऱ्याची. न्यूझीलंडने १९८७ मध्ये पायरीपायरीने परवाना देण्याची पद्धत आणली, तेव्हा नवख्यांना रात्री दहा ते पहाटे पाच एकट्याने गाडी चालवण्याची आणि बरोबर प्रवासी नेण्याची मनाई केली. चारचाकीच्या बाबतीत या दोन मर्यादांचे फायदे जगभरात सगळ्यांत स्पष्ट दिसले आहेत. रात्रीची मनाई आपल्याकडे जशीच्या तशी आणू नये. रात्रपाळी, दूधवाटप, भाजी मार्केट, सगळे त्याच वेळेत चालते आणि ते करणारी पोरेही अठरा-एकोणीसचीच असतात. मागे मित्र बसवण्याची गोष्ट वेगळी. लर्निंग लायसन्सवर शिकवणाऱ्याखेरीज कुणालाही मागे बसवता येत नाही. हा नियम आजही आहे, आणि पक्के लायसन्स मिळाल्या दिवशी तो एका फटक्यात संपतो. वीस वर्षांखालच्या चालकासाठी तो आणखी एक वर्ष चालू ठेवला, घरच्या माणसांना सूट दिली, तर कुणाचेही काम अडत नाही. कॉलेजच्या फाटकाबाहेर ट्रिपल सीट सुटणारी गाडी तेवढी अडते.

मोटारींबद्दल थोडक्यात. तिथे ताकदीच्या मर्यादेची मला आज घाई वाटत नाही, कारण आपल्याकडची बहुसंख्य पहिली मोटार छोटीच असते. वेगाची मात्र वाटते. फ्रान्समध्ये मोटरवेवर सगळ्यांना १३० आणि नवख्याला ११०, इटलीत पहिली तीन वर्षे १००, ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समध्ये पहिल्या टप्प्यात ९०. समृद्धीवर गेल्या आठवड्यात लायसन्स मिळालेल्या माणसालाही १२० खुले आहे, तेही मागे आई-वडील आणि लेकरे बसलेली असताना. त्याला दोन वर्षे ८० ठेवावे, आणि गाडीच्या मागे नवखा असल्याची खूण सक्तीची करावी. जपानमध्ये १९७२ पासून हिरव्या-पिवळ्या पानाची खूण लावतात. मागचा माणूस ती पाहून हॉर्न वाजवत नाही, अंतर ठेवतो.

मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या हातातल्या पोर्शने मोटारसायकलवरच्या दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला, तेव्हा परवान्यांच्या नियमांवर बरीच चर्चा झाली. त्या प्रकरणाला मी माझ्या बाजूचा पुरावा म्हणून वापरणार नाही. ज्याच्याकडे परवानाच नव्हता त्याला पायऱ्यांचा परवाना काय रोखणार? तिथे गाडीच्या मालकावर कलम १९९-अ लागते: तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड आणि वर्षभर नोंदणी रद्द. ते तिथेच वापरायला हवे. पण अल्पवयीनांचा विषय निघालाच आहे तर कायद्यातले एक भगदाड दाखवतो. सोळा वर्षांच्या मुलाला ५० सीसीपर्यंतची विनागिअर गाडी चालवायची मुभा कायद्यात अजून आहे. ही मुभा लूनाच्या काळातली. आज ५० सीसीची पेट्रोलची गाडी शोरूममध्ये नाहीच. म्हणून सोळाचे मूल क्लासला जाते ते ११० सीसीच्या ॲक्टिव्हावर, बेकायदा, आणि घरच्यांना ते बेकायदा आहे हे ठाऊकही असते. पहिलीच पायरी कुजून गेलेली आणि नियम मोडूनच वाहनाची सुरुवात, असे आपण करून ठेवले आहे. तिथे वेगाची आणि वॉटची स्पष्ट मर्यादा घातलेली विजेची स्कूटर कायद्यात बसवली, तर सोळाव्या वर्षी परवाना, विमा आणि हेल्मेटसह सुरुवात होऊ शकेल.

हे करायला नवे खाते लागत नाही. कलम १० मध्ये मोटारसायकलचा एक वर्ग वाढवावा लागेल, ते संसदेचे काम. गाडीची ताकद आणि वजन 'वाहन' या गाड्यांच्या संगणकीय नोंदीत असते, लायसन्स कधी मिळाले ते 'सारथी' या लायसन्सच्या नोंदीत असते, आणि दोन्ही प्रणाली केंद्राच्याच आहेत. गाडीच्या नोंदणीच्या वेळी मालकाच्या लायसन्सची तारीख तपासणे आजही शक्य आहे. मालक बाप आणि चालवणारा मुलगा असेल तर चौकात ई-चलनाच्या यंत्रावर ते तपासावे लागेल. संसदेची वाट न पाहता महाराष्ट्र आणि गोवा एक गोष्ट मात्र आपल्या अखत्यारीत करू शकतात. भाड्याने दुचाकी देणाऱ्यांचा परवाना राज्याच्या हातात असतो. कळंगुटला किंवा पुण्यात भाड्याची गाडी घेणारा बहुतेक तरुण, रस्ता अनोळखी, गाडी अनोळखी, आणि अनेकदा लायसन्स नवे कोरे. लायसन्सला दोन वर्षे पूर्ण नसतील तर १५ किलोवॅटच्या वरची गाडी द्यायची नाही, ही अट भाड्याच्या परवान्यात येत्या हंगामापासून घालता येईल.